मुली ‘मी येतो’ म्हणतात, त्यांचं मराठी बिघडलंय का?

पत्र

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची सातवीतली एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. विषय तोंडपाठ, आवाज खणखणीत. पण बोलण्याच्या ओघात ती ‘मी तुम्हाला सांगतो’, ‘मी हे रोज बघूलालो’ असं म्हणून गेली. निकालाच्या वेळी एका परीक्षकांनी माईकवरून सांगितलं, ‘भाषण चांगलं, पण भाषा अशुद्ध, कानडीमिश्रित.’ सगळा हॉल हसला. तेव्हापासून पोरगी वर्गात हात वर करत नाही. तिचे वडील म्हणतात, ‘आमच्या पोरांना धड मराठी येत नाही, धड कानडी येत नाही, त्यापेक्षा इंग्रजी शाळेत घालतो.’ मुलांना मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचं का? आमचं मराठी खरंच बिघडलेलं आहे का? आणि एक घरची शंका. माझ्या सासूबाई बैलहोंगलच्या. त्या नातीशी कानडीतच बोलतात, आणि माझी चार वर्षांची मुलगी एकाच वाक्यात दोन्ही भाषा आणते. याचा तिला पुढे त्रास होईल का?

उत्तर

बाई, नमस्कार.

तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत. नाही, तुमच्या मुलांचं मराठी बिघडलेलं नाही. पुस्तकातल्या मराठीहून ते वेगळं आहे, आणि एक-दोन ठिकाणी तर जास्त काटेकोर आहे. तुमची समजूत घालायला मी हे म्हणत नाही. एकेक उदाहरण घेऊन दाखवतो, म्हणजे तुम्हाला ते वर्गात दाखवता येईल आणि त्या वडिलांपुढेही मांडता येईल.

‘मी सांगतो’पासून सुरुवात करू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूर या सगळ्या पट्ट्यात बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणतात. परीक्षकांना ही लिंगाची चूक वाटली. आता त्याच मुलीला तिच्या मैत्रिणीबद्दल काही विचारा. ती ‘ती आली’, ‘ती घरला गेली’ असंच म्हणेल. तिथं ती कधी चुकणार नाही. म्हणजे तिला लिंग कळत नाही असं नव्हे. तिच्या बोलीत नियमच असा आहे की दुसऱ्याबद्दल बोलताना लिंग दाखवायचं आणि स्वतःबद्दल बोलताना दाखवायचं नाही. शेजारच्या कानडीत अगदी हाच नियम आहे. ‘ना होगतेनि’ हे पुरुषानंही म्हणायचं आणि बाईनंही. ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ यांची रूपं मात्र कानडीत वेगवेगळी आहेत.

प्रमाण मराठीही स्वतःबद्दल बोलताना अर्ध्या वेळी लिंग दाखवत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. ‘मी जाईन’, ‘मला जायचंय’, ‘मी जाऊ का?’, ‘मी भाकरी खाल्ली’ ही वाक्यं कागदावर लिहून द्या आणि बोलणारा बाप्या की बाई ते ओळखायला सांगा. कुणाला ओळखता येणार नाही. ‘खाल्ली’मधली ई भाकरीची आहे, खाणाऱ्याची नव्हे. तुमच्या विद्यार्थिनीनं ‘मी सांगतो’ म्हणून मराठीचा कणा मोडला नाही. मराठीत आधीच असलेली सोय तिच्या आजी-पणजीच्या बोलीनं आणखी एक पाऊल पुढं नेली आहे.

‘बघूलालो’चंही तसंच. पुण्याचा माणूस ‘बघतोय’ म्हणतो. हे ‘बघतो आहे’ झिजून झालं. नागपूरकडं ‘बघून राहिलो’ म्हणतात, तिथं ‘राहणे’ कामाला आलं. आपल्याकडं ‘बघू लागलो’ झिजून ‘बघूलालो’ झालं. एक चालू असलेलं काम सांगायला तीन मुलखांनी तीन क्रियापदं निवडली, आहे, राहणे आणि लागणे, आणि तिन्ही मराठीच. ‘बघतोय’ झिजलेलं असून शुद्ध आणि ‘बघूलालो’ झिजलेलं म्हणून अशुद्ध, याला भाषेच्या आतून काही आधार नाही. आधार इतकाच की इंग्रजी अमदानीत शाळेची पुस्तकं आणि कोश तयार झाले तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या माणसांची बोली नमुना म्हणून धरली गेली. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. ती पुस्तकं बेळगावच्या बोलीवर बेतली असती तर आज पुण्याच्या पोरी स्पर्धेत ‘बघतेय’ म्हणून गुण घालवून बसल्या असत्या.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. ही वर्गात फळ्यावर लिहाच. तीन वाक्यं घ्या. घरात साखर नाही. ही साखर नव्हे, मीठ आहे. मला साखर नको. आता तुमच्या सासूबाईंना हीच तीन वाक्यं कानडीत सांगायला लावा. पहिल्याच्या शेवटी ‘इल्ल’ येईल, दुसऱ्यात ‘अल्ल’, तिसऱ्यात ‘बेड’, किंवा बैलहोंगलकडं म्हणतात तसं ‘ब्याड’. नाही, नव्हे, नको. इल्ल, अल्ल, बेड. वस्तू नसणं वेगळं, ती वस्तू ‘ती’ नसणं वेगळं, आणि ती हवीशी नसणं वेगळं. आता हिंदी बघा. तिन्ही ठिकाणी ‘नहीं’च लागतं, तिसऱ्यात फार तर ‘नहीं चाहिए’. मराठी कुळानं हिंदीची बहीण, पण नकार देताना तिची घडण कानडीच्या वळणाची. शेकडो वर्षं एका बांधावर राहिल्याशिवाय असं होत नाही.

यात तुमच्या मुलांची बाजू अशी की पुण्या-मुंबईत ‘नव्हे’ बोलण्यातून जवळजवळ गेलाय. तिथली मुलं ‘ही साखर नाहीये, मीठ आहे’ म्हणतात. आपल्याकडचं पोरगं अजून ‘साखर नव्हं, मीठ हाय’ म्हणतं. जो भेद व्याकरणाच्या पुस्तकात शिकवावा लागतो, तो त्याच्या तोंडात आहे, आणि तो टिकण्यात रोज कानावर पडणाऱ्या कानडी ‘अल्ल’चा हात नक्की असणार असं मला वाटतं.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हाही असाच प्रकार. ‘आपण बाजारला जाऊ’ म्हटलं की ऐकणारा धरून. ‘आम्ही बाजारला जातो’ म्हटलं की तू घरी बस. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. तमिळ-तेलुगूत तो आहे, जुन्या कानडीतही होता, आणि दक्षिणेच्या शेजारामुळंच तो मराठीत रुजला असं अभ्यासक मानतात. परीक्षकसाहेबांनी स्वतःच्या समारोपात हे दोन्ही शब्द वापरले असणार. कानडीमिश्रित म्हणायचं तर मग तेही कानडीमिश्रितच.

या शेजाराचा एक अभ्यास जगभर गाजला. सांगलीला लागून असलेलं कुपवाड तुम्हाला माहीत असेल. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे, तेव्हा खेडं होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास केला आणि १९७१ साली तो छापून आला. गावात चार भाषा होत्या, कानडी, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू. जैन घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, आणि चव्हाट्यावर सगळ्यांची मिळून मराठी. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष माणसं दोन-तीन भाषा रोज बोलत होती, पण घरची भाषा कुणी सोडली नाही. त्याचा परिणाम काय झाला बघा. कुपवाडचा मराठी माणूस म्हणायचा, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणायचा, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कानडी बोलणाराही त्याच क्रमानं, त्याच जोडणीनं बोलायचा. पाला, जरा, कापून, घेऊन, आलो. शब्द ज्याचे त्याचे, पण वाक्याचा सांगाडा तिघांचा एकच. एका भाषेतल्या वाक्याचा शब्दाखाली शब्द ठेवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. तिथल्या उर्दूनं तर ‘आपण-आम्ही’चा भेदसुद्धा उचलला होता.

भाषाशास्त्र शिकणाऱ्या पोरांना परदेशात आजही हे उदाहरण शिकवतात. आणि त्याच बोलण्याला आपल्याकडच्या माईकवरून ‘अशुद्ध’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हा शेजार कालपरवाचा नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो प्रश्न आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. पण भाषांचं येणंजाणं त्याच्या हजार वर्षं आधीपासून चालू होतं. हासन जिल्ह्यातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, म्हणजे ‘श्रीचावुंडराजानं करवून घेतलं’, ही ओळ कोरलेली आहे. अगदी जुन्या कोरीव मराठीच्या नमुन्यांत ती मोजली जाते. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची. ओळ त्याच वेळची की बाराव्या शतकातली, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण ओळ एकटी नाही, हे मला त्या वादाहून मोलाचं वाटतं. तीच गोष्ट तिथं कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. कानडी ओळ म्हणते ‘माडिसिदं’, मराठी म्हणते ‘करवियलें’. मराठीची इतकी जुनी ओळ कानडी ओळीच्या शेजारी सापडावी, तीही कानडी मुलखात! इकडं पंढरपूरच्या देवळात १२३७ चा, कानडी मुलखातल्या होयसळ घराण्याच्या राजा सोमेश्वराचा कोरीव लेख आहे, आणि आपले वारकरी तर विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणूनच आळवतात.

शब्दांचं म्हणाल तर यादी संपायची नाही, म्हणून मुलांना मजा वाटेल एवढेच सांगतो. सगळ्या महाराष्ट्रात तूप म्हणतात, हिंदीत घी. कानडीत तुप्प. अडकित्त्यातला ‘अडक’ म्हणजे कानडी अडके, सुपारी. अक्का, अण्णा, अप्पा तर घरोघरी. आपण वस्तू ‘हुडकतो’, पुण्याचा माणूस ‘शोधतो’. कानडीत हुडुकु. आपले चिरमुरे कानडीत चुरमुरी, आणि पुण्यात गेले की त्यांचे चुरमुरे नाही तर कुरमुरे होतात. गोकाकचा करदंट मुलांनी खाल्लेला असेलच. त्यातला ‘अंट’ म्हणजे डिंक, करिद म्हणजे तळलेला.

आणि पोट. पोटाला कानडीत होट्टे म्हणतात. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, पण ऐकून पटत नाही, कारण एक प-नं सुरू होतो आणि एक ह-नं. जुन्या कानडीत शब्दाच्या सुरुवातीला जो प होता, त्याचा काही शतकांत ह झाला. पाल म्हणजे दूध, त्याचं हालु झालं. पुलि म्हणजे वाघ, त्याचं हुलि झालं. पळ्ळि म्हणजे गाव, त्याचं हळ्ळि झालं. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीत तो प अजून आहे, आपल्या जिल्ह्यातल्या हळ्ळ्यांत तो ह झाला. मराठीकडं ‘पोट’ या बदलाच्या आधीच येऊन पोचलं होतं. म्हणून कानडीचा तो जुना प आज आपल्या पोटात सुखरूप आहे. मुलांना तालुक्याचा नकाशा देऊन हळ्ळ्या शोधायला लावा. एक तास कसा गेला ते कळणार नाही.

मात्र एक सांभाळा. सगळंच कानडीकडून आलं असं सांगायचा मोह होतो, विशेषतः ‘ळ’बद्दल. मराठीला ळ कानडीनं दिला असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. पण ळ गुजरातीत आहे, पंजाबीत आहे, राजस्थानी आणि ओडियातही आहे, आणि ऋग्वेदाची पहिलीच ऋचा ‘अग्निमीळे’ अशी सुरू होते. मुलांना खऱ्या गोष्टी इतक्या सांगता येतात की जमवलेल्या गोष्टींची गरजच नाही.

मैदानावर विटीदांडू खेळताना मोजतात ते वकट, लेंड, मूंड, नाल आठवा. आपल्याकडच्या पोरांना हे आकडे कानडी वाटतात. पण कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु म्हणतात. वकट-लेंड हे तेलुगूचे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. ज्या महाराष्ट्रातल्या गावात तेलुगूचा एक माणूस कधी राहिला नाही, तिथंही पोरं तेलुगूत विटी मोजत आली आहेत. ते आकडे खेळातून आले. शाळेत कुणी शिकवले नाहीत, म्हणून कुणी दुरुस्तही केले नाहीत, आणि म्हणूनच टिकले.

देणंही आपलं कमी नाही, हे वर्गात जरूर सांगा, नाही तर मुलांना वाटेल आपण नुसतेच घेणारे. धारवाड-बेळगावची कानडी ऐका. त्यात ‘अगदी’ आहे, ‘खरे’ आहे, ‘नक्की’ आहे, ‘सावकाश’ आहे, ‘काका’ आणि ‘वैनी’ आहेत. बंगळूरचा कानडी माणूस हे ऐकून त्या कानडीला मराठीमिश्रित म्हणून हसतो. हैदराबादच्या दखनी उर्दूत ‘नक्को’ आहे, आणि ‘आजिच आया’मधला तो जोर देणारा ‘च’ आहे, दोन्ही मराठीचे. तुमच्या मुलांच्या शेजारी राहणाऱ्या कानडी मुलांनाही त्यांच्या राजधानीकडं हीच बोलणी खावी लागतात, हे दोघांनी एकमेकांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रत्येक वेळी दुरुस्त करायचं का? नको. मूल काही सांगत असताना मध्ये तोडून ‘सांगतो नव्हे, सांगते’ म्हटलं की ते सांगायचं विसरतं, आणि दोन-चार वेळा असं झालं की सांगणंच सोडतं. त्या मुलीचं हेच झालंय. बोलणं पूर्ण होऊ द्या.

पण प्रमाण मराठी शिकवूच नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. तसं सांगणारे लोक स्वतःच्या मुलांना मात्र प्रमाण भाषा व्यवस्थित शिकवतात. दहावीची उत्तरपत्रिका, अर्ज, बातमी, मुलाखत सगळीकडं तीच लागते, आणि सीमाभागातल्या मुलाकडं ती नसली तर दार त्याच्याच तोंडावर लागतं. म्हणून शिकवायची, पण आणखी एक भाषा म्हणून. घरचं बोलणं पुसून त्या जागी नव्हे.

करायचं कसं? वर्गात एक वही ठेवा. मुलांनी घरून, शेतातून, बाजारातून शब्द आणि वाक्यं आणायची. एका बाजूला आजी म्हणते ते, शेजारी पुस्तकात असतं ते, आणि येत असेल त्यानं कानडीतलं. ‘बघूलालो, बघतोय, नोडाकत्तीनी’ असं एका ओळीत लिहिलं की मुलं आपोआप विचारतात, ह्याचं असं का? तिथं व्याकरण शिकवा. महिनाभरात एकच गोष्ट घ्या, उदाहरणार्थ मुलींसाठी भाषणात आणि निबंधात ‘सांगते, येते, गेले’. मधल्या सुट्टीत काय म्हणायचं ते त्यांच्यावर सोडा. निबंधात पात्रांचे संवाद गावच्या बोलीत लिहायला मोकळीक द्या, निवेदन प्रमाण भाषेत. कुठं कोणती भाषा हे एकदा हाताला लागलं की पोरं ते फार पटकन करतात, कारण कानडीशी कानडी आणि मराठीशी मराठी हा बदल ती रोज बसस्टॉपवर करतातच.

शुद्धलेखनाबद्दलही एक गोंधळ दूर करून टाका. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ ला वाढवलेले चार नियम हे लेखनाचे आहेत. कुणी तोंडानं काय बोलावं याबद्दल ते नाहीत. वहीतला ऱ्हस्व-दीर्घ जरूर तपासा, तोंडातला हेल तपासू नका.

उच्चारात एक गोष्ट मात्र खरंच शिकवण्यासारखी आहे, आणि ती पुस्तकात नसते. मराठीत च, ज, झ दोन-दोन तऱ्हेचे आहेत आणि देवनागरी ते दाखवत नाही. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांजवळ असते, ‘माझी’ म्हणताना टाळूकडं जाते. ‘जग’ म्हणजे दुनिया याचा ज वेगळा, ‘शंभर वर्षं जग’ म्हणताना वेगळा. अस्सल मराठी शब्दांत पुढं इ किंवा ए असला की बहुधा टाळूचा, नसला की बहुधा दातांचा. संस्कृतातून आलेल्या शब्दांत टाळूचाच, आणि ‘चार’ आकड्यासारखे अपवाद आहेतच. ज्या मुलांच्या घरी कानडी आहे, त्यांच्या कानात हा दुसरा च नसतो, म्हणून ती ‘चांगला’तला च ‘चिंच’मधल्या पहिल्या च-सारखा म्हणतात. त्यांना रागावून काही होणार नाही. ‘माझा, माझी, माझा, माझी’ असं सावकाश म्हणायला लावा आणि जीभ कुठं जाते ते विचारा. आठवडाभर रोज पाच मिनिटं पुरेत.

त्या वडिलांना एकदा शाळेत बोलवा. त्यांची काळजी नोकरीची आहे, ती खोटी नाही, म्हणून त्यांना भाषाप्रेमाचं व्याख्यान देऊ नका. त्यांना सांगा की मुलीला दोन भाषा येतात. तिला दोन्ही लिहिता-वाचता आल्या तर या राज्यात ती कुठंही अडणार नाही. इंग्रजी तिसरी म्हणून पक्की करून घेऊ. कानडीचा तास टाळायचा नाही, हेही त्यातच आलं. आपल्याकडं काही घरांत तो तास टाळणं अभिमानाचं मानतात. त्यात नुकसान मुलांचं होतं. त्यांना दोन नावं सांगा. धारवाडच्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि कानडी कवितेसाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. जी. ए. कुलकर्णी चिकोडीकडच्या एकसंब्याचे. त्यांनी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, कथा मराठीत लिहिल्या, आणि त्याच १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला. दोघंही ‘धड ना हे, धड ना ते’ अशाच मुलखातले.

तुमच्या लेकीची काळजी करू नका. दोन भाषांत वाढणारी मुलं चार वर्षांच्या वयात एका वाक्यात दोन्ही आणतात, हे जगभर दिसतं. तो गोंधळ नसतो. ज्या भाषेतला शब्द आधी सापडला तो तिथं बसवला, एवढंच. कुणाशी काय बोलायचं हे तिला तुमच्या-आमच्यापेक्षा लवकर कळतं. तुम्ही एवढंच बघा की तिच्या कानावर दोन्ही भाषा भरपूर आणि पूर्ण पडतायत. सासूबाईंना ‘तिच्याशी मराठीत बोला’ असं कधी म्हणू नका. त्या मराठीत दहा वाक्यं बोलतील, कानडीत गोष्टी सांगतील. तुम्ही तिच्याशी मराठीत बोला, वाचून दाखवा, आणि ती मिसळून बोलली तर तिचंच वाक्य सहज पूर्ण मराठीत पुन्हा म्हणा. चूक म्हणून नव्हे, बोलण्याच्या ओघात.

आणि ती सातवीतली मुलगी. हे काम आधी करा, बाकीचं नंतर. तिला एकटीला समजावून भागणार नाही, कारण हसं चारचौघांत झालं. तिचं तेच भाषण वर्गात दोनदा होऊ द्या, एकदा आजीला सांगावं तसं आणि एकदा स्पर्धेतलं. बाकीच्या मुलांनी कान देऊन ऐकायचं आणि कुठं काय बदललं ते वहीत लिहायचं. मग फळ्यावर ती तीन साखरेची वाक्यं घ्या आणि तिलाच मराठी-कानडी दोन्हीत म्हणायला लावा.

परीक्षकांवर राग धरण्यात अर्थ नाही, पण गप्पही बसू नका. नियमावलीत ‘प्रमाण मराठीत बोलणे आवश्यक’ असं असेल तर गुण कापणं त्यांच्या हक्कात होतं, माईकवरून सांगणं नव्हतं. तसं काही लिहिलेलं नसेल तर आयोजकांना शाळेच्या शिक्क्यानिशी एक पत्र द्या. आशय, मांडणी, आवाज यांचे गुण वेगळे आणि भाषेचे वेगळे ठेवा, आणि सीमाभागातल्या मुलांच्या बोलीला अशुद्ध म्हणू नका, एवढी मागणी त्यात पुरे. पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरायच्या आधी नियमांची प्रत मागून घ्या, आणि अर्जावर पहिलं नाव तिचंच घाला.